विमानांवरचे भडक रंग : पिवळा, नारंगी, डे-ग्लो आले कुठून, आणि लावायचे कसे?

निळेआकाश :

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, एक इतिहासाचा आणि एक कामाचा.

१९६०च्या आसपासच्या छायाचित्रांत अमेरिकी आणि ब्रिटिश प्रशिक्षण विमानांच्या नाकावर, पंखांच्या टोकांवर आणि शेपटीवर झगझगीत केशरी-लाल पट्टे दिसतात. पुढच्या काळातल्या छायाचित्रांत ते गायब होतात आणि त्यांच्या जागी साधा लाल-पांढरा रंग येतो. काही ठिकाणी असं वाचलं की या पट्ट्यांचा उगम नॉर्मंडीच्या चढाईतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमध्ये आहे. हे बरोबर आहे का? नसेल तर सुरुवात नेमकी कुठून? आणि एवढा दिसणारा रंग सोडून का दिला?

कामाचा प्रश्न असा. ॲल्युमिनियमच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाला त्या धाटणीचे फ्लुरोसंट, म्हणजे डे-ग्लो, पट्टे द्यायचे आहेत. विमान उडतं राहणार आहे, नुसतं मांडून ठेवायचं नाही. सध्याचा रंग फिकट राखाडी आहे आणि तो चांगल्या अवस्थेत आहे. त्यावर थेट फ्लुरोसंट मारता येईल का? वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) लागतोच का? रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग) आणि एलेरॉनवर (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) पट्टे आले तर वेगळी काय काळजी घ्यायची?

धावपट्टी०९ :

नॉर्मंडीचं नातं लावणं चूक आहे. इथे दोन वेगळी घराणी आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एक घराणं 'मी कोण आहे' हे सांगणाऱ्या खुणांचं, दुसरं 'मी इथे आहे' हे सांगणाऱ्या रंगांचं.

६ जून १९४४च्या चढाईतले पट्टे पहिल्या घराण्यातले. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर छत्रीधारी सैनिक नेणाऱ्या १४४ सी-४७ विमानांपैकी २३ विमानं पडली, तीही आपल्याच जहाजांच्या आणि जमिनीवरच्या तोफांच्या माऱ्यात. त्यावरून धडा घेऊन नॉर्मंडीला तीन पांढरे आणि दोन काळे असे पाच पट्टे पंखांवर आणि धडावर ओढले गेले. एक इंजिनाच्या विमानांना प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, त्याहून मोठ्यांना २४ इंचांचा. त्याच्याही आधी, १९४२च्या अखेरीस, हॉकर टायफूनच्या पंखांखाली असेच काळे-पांढरे पट्टे आले होते, कारण खालून पाहणाऱ्यांना ते जर्मन फोक-वुल्फ १९०सारखं वाटायचं. विमान तोफचीला दिसतच होतं. अडचण होती ती ओळखीची.

दुसरं घराणं याहून जुनं आहे आणि ते तीन वेगवेगळ्या गरजांतून वाढलं.

पहिली गरज, पडलेलं विमान सापडावं. अमेरिकी नौदलाने १९२०च्या दशकात वरच्या पंखाचा वरचा पृष्ठभाग नारंगी छटेच्या पिवळ्याने रंगवायला सुरुवात केली. समुद्रावर उतरावं लागलेलं विमान वरून शोधता यावं हा त्यामागचा हेतू. बर्फाळ प्रदेशातल्या विमानांची शेपटी आणि पंखांची टोकं लाल रंगवण्याची पद्धत याच कुळातली. बर्फावर चंदेरी ॲल्युमिनियम शोधणं जवळजवळ अशक्य असतं.

दुसरी गरज, शिकाऊ वैमानिकापासून इतरांनी लांब राहावं. ब्रिटिश हवाई दलाने १९३०च्या दशकात प्रशिक्षण विमानांसाठी पिवळा ठरवला. कॅनडात युद्धकाळात राष्ट्रकुलाची जी मोठी प्रशिक्षण योजना चालली तिच्यातली हार्वर्ड आणि टायगर मॉथ विमानं पिवळीधमक असत. अमेरिकी नौदलाच्या पिवळ्या एन३एन विमानांना तर 'यलो पेरिल' हेच नाव पडलं.

तिसरी गरज, आपल्याच तोफांपासून बचाव, आणि इथे ओळख व दिसणं या दोन्हींची सरमिसळ होते. हवेत लक्ष्य ओढून नेणाऱ्या ब्रिटिश विमानांच्या पोटावर पिवळ्यावर काळे तिरपे पट्टे असत, म्हणजे तोफचीने मागचं कापडी लक्ष्य सोडून विमानावरच नेम धरू नये. युद्धकाळातल्या नव्या नमुना विमानांचं पोट पिवळं आणि बाजूला वर्तुळात 'पी' हे अक्षर असे. कुणी न पाहिलेला आकार दिसला की तोफा आधी डागल्या जातात, म्हणून.

जमिनीवरच्या खुणाही विसरू नका. १९२०च्या दशकात अमेरिकेत टपाल विमानांच्या मार्गावर काँक्रीटचे मोठे बाण बांधले आणि ते पिवळे रंगवले. १९३०च्या दशकात छपरांवर गावांची नावं रंगवायची मोहीम निघाली. अक्षरं सुमारे १२ फुटांची, दर १५ मैलांवर एक खूण, एकूण १६,००० खुणांचा बेत. फीबी ऑमली, लुईस थेडन, ब्लांश नॉयस या वैमानिक स्त्रियांनी ते काम चालवलं. युद्ध सुरू झाल्यावर किनाऱ्याजवळची नावं पुसावी लागली आणि नंतर पुन्हा रंगवावी लागली. 'वरून पाहणाऱ्याला काय दिसतं' याचा इतक्या पद्धतशीरपणे विचार करणारं त्या काळातलं हे पहिल्या प्रतीचं काम, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

थोडक्यात, तुमच्या छायाचित्रांतले पट्टे दुसऱ्या घराण्यातले. फक्त त्यांचा रंग एका वेगळ्याच वाटेने आला.

प्रतिदीप्ती :

ती वेगळी वाट मी सांगतो.

फ्लुरोसन्स या घटनेला नाव दिलं जॉर्ज स्टोक्स यांनी, १८५२ मध्ये. रंगाच्या डब्यात ती आणली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या बॉब आणि जोसेफ स्वित्झर या भावांनी. १९३३ मध्ये बॉब कामावर पडले, डोक्याला मार लागला, दृष्टीवर परिणाम झाला आणि डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितलं. त्या काळात दोघा भावांनी अतिनील दिवा घेऊन वडिलांच्या औषधाच्या दुकानातली रसायनं तपासली आणि चमकणारी वेगळी काढली. जोसेफला जादूच्या प्रयोगांची आवड होती, त्यामुळे पहिला उपयोग रंगमंचावर झाला. हे सुरुवातीचे रंग अतिनील दिव्याखालीच चमकायचे. दिवसाच्या उजेडात चमकणारे रंग पुढच्या काही वर्षांत, ओहायोतल्या क्लीव्हलँडला गेल्यावर आले. महायुद्धात त्यांच्या फ्लुरोसंट कापडाचे पट्टे जमिनीवरच्या तुकड्यांनी आपल्या विमानांना खूण म्हणून वापरले, आणि विमानवाहू जहाजांच्या डेकवर रात्री अतिनील दिव्यांखाली हेच रंग कामाला आले. 'डे-ग्लो' हे त्यांच्या मालाचं व्यापारी नाव. ते इतकं रुळलं की १९६९ मध्ये कंपनीचंच नाव तसं झालं.

विमानाच्या अंगावर हा रंग आला तो हवेतल्या टकरींमुळे. ३० जून १९५६ला ग्रँड कॅन्यनवर सुपर कॉन्स्टेलेशन आणि डीसी-७ यांची टक्कर होऊन १२८ जण गेले. २१ एप्रिल १९५८ला लास व्हेगासजवळ डीसी-७ आणि हवाई दलाचं एफ-१०० धडकलं, ४९ मृत्यू. महिन्याभरात मेरिलँडवर एक व्हायकाउंट आणि टी-३३ हे प्रशिक्षण जेट धडकलं. या तीनपैकी दोन टकरींत लष्करी विमान होतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाच्या विमानांवर फ्लुरोसंट पट्टे सर्रास दिसू लागतात ते या पार्श्वभूमीवर. ब्रिटिश प्रशिक्षण विमानांवरही ते त्याच सुमारास आले.

आता रंग चालतो कसा ते. साधा नारंगी पृष्ठभाग पडलेल्या उजेडातला नारंगी भाग परत पाठवतो, बाकीचा गिळतो. फ्लुरोसंट नारंगी अतिनील, निळा आणि हिरवा भागही गिळतो, पण त्यातला काही नारंगी करून परत देतो. त्यामुळे त्या तरंगलांबीला परत येणारा प्रकाश पडलेल्या प्रकाशापेक्षा जास्त भरू शकतो. आभाळ भरलेलं असताना किंवा संधिप्रकाशात हा रंग जास्तच उठून दिसतो, कारण त्या उजेडात निळ्याचं प्रमाण अधिक असतं. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली मात्र तो मरतो. सुमारे ५८९ नॅनोमीटरच्या त्या उजेडात त्याला चेतवण्यासारखं काही उरत नाही.

रंगद्रव्याची घडण लक्षात ठेवा, कारण सगळ्या अडचणी तिथूनच निघतात. ऱ्होडामिनसारखा रंजक रेझिनमध्ये विरघळवतात, ते रेझिन घट्ट झालं की दळून पूड करतात आणि ती पूड रंगात घालतात. म्हणजे हे खनिज रंगद्रव्य नाही, रंगवलेल्या प्लॅस्टिकचे कण आहेत. ज्या अतिनील किरणांवर ते चमकतात तेच किरण रंजकाचे रेणू मोडतात. उघड्यावर, क्लिअर कोट नसेल तर, एका कडक उन्हाळ्यातही फरक डोळ्यांना कळतो. ठरावीक मुदतीने रंग परत मारणं हे खर्चाचं आणि विमान जमिनीवर अडकवून ठेवणारं काम, म्हणून हवाई दलांनी तो सोडला.

निळेआकाश :

दोघांचेही आभार. पण मग फिका पडत नसता तर तोच सगळ्यांत लांबून दिसणारा रंग होता, असं म्हणायचं का?

काळापांढरा :

नाही, आणि या विषयातली खरी गोष्ट हीच आहे. लांबून विमान दिसतं ते रंगामुळे नाही, मागच्या पार्श्वभूमीपेक्षा ते किती उजळ किंवा किती काळं आहे यामुळे दिसतं.

हिशोब करून बघा. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) तपशील वेगळा ओळखतो, म्हणजे १ मीटरची वस्तू सुमारे ३,४०० मीटरवर त्या मर्यादेला येते. अर्ध्या मीटरचा पट्टा १.७ किलोमीटरच्या पलीकडे पट्टा म्हणून उरतच नाही, तो शेजारच्या रंगात मिसळतो. समोरासमोर येणाऱ्या लहान विमानाचं धड धरा एक मीटर रुंद. दोन्ही विमानं २०० नॉटने येत असतील तर जवळ येण्याचा वेग सेकंदाला सुमारे २०६ मीटर, म्हणजे ३,४०० मीटर अंतर साडेसोळा सेकंदांत संपतं. दिसणं, ओळखणं, ठरवणं, दांडा हलवणं आणि विमानाने वळायला लागणं या सगळ्याला अमेरिकी मार्गदर्शनात १२.५ सेकंद धरतात. उरले चार. पट्ट्याचा रंग कळेपर्यंत निर्णयाची वेळ जवळपास निघून गेलेली असते.

शिवाय नजरेच्या कडेला रंग नीट कळत नाही, हालचाल आणि उजेड-अंधाराचा फरक कळतो. टकरीच्या मार्गावरचं विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसतं, त्यामुळे हालचालीचीही मदत नाही.

प्रयोगानेही हेच दाखवलं. ध्वनीचा वेग प्रथम ओलांडणारं बेल एक्स-१ नारंगी होतं, दिसावं म्हणूनच. डग्लस स्कायस्ट्रीक लालभडक होतं, 'क्रिमसन टेस्ट ट्यूब' म्हणायचे त्याला. पण उंचावरच्या गडद निळ्या आभाळात दोन्ही रंग काळपट पडून हरवायचे. एनएसीएने (नासाच्या आधीची अमेरिकी विमानसंशोधन संस्था) आपल्या एक्स-१ला आणि स्कायस्ट्रीकला पांढरा दिला, कारण जमिनीवरच्या दुर्बिणींना आणि कॅमेऱ्यांना पांढरं विमान धरून ठेवणं सोपं जात होतं.

उलट, कमी उंचीवर उजळ, ढगाळ आभाळासमोर पांढरं विमान विरघळतं. ब्रिटिश हवाई दलाने १९९०च्या दशकात प्रशिक्षणाची हॉक आणि टुकानो विमानं संपूर्ण चकचकीत काळी केली ती याच कारणाने. जुन्या पिवळ्या परंपरेतून थेट काळ्यावर जाणं अनेकांना खटकलं, पण तर्क पक्का होता. आभाळासमोर पाहायचं असेल तर काळं, आणि चकाकीमुळे वळताना ऊन चमकतं ते वेगळंच.

मग फ्लुरोसंटचा उपयोग कुठे? जमिनीच्या पार्श्वभूमीवर, जवळच्या अंतरात, विमानतळाच्या चक्रात, आणि पडलेलं विमान शोधताना. शेतं, जंगल, डोंगर, पाणी यांत केशरी-लाल नैसर्गिकपणे क्वचितच असतो. तिथे हा रंग खरोखर काम करतो. म्हणून मोठा सलग ठिपका द्या, बारीक नक्षी नको. चार ठिकाणी २० सेंटिमीटरच्या रेघा मारण्यापेक्षा पंखाचं एक मीटरचं पूर्ण टोक रंगवलेलं केव्हाही चांगलं. आणि त्या ठिपक्याशेजारी गडद किंवा पांढरा असा तीव्र विरोध हवा. फिकट राखाडीशेजारी निम्मी मेहनत वाया जाते.

संध्याकाळचं आणखी एक. उजेड कमी झाला की डोळ्याची सर्वाधिक संवेदना ५५५ नॅनोमीटरवरून ५०७कडे सरकते आणि साधा लाल काळा दिसू लागतो. विमानतळावरच्या आपत्कालीन गाड्यांसाठी लालच्या जोडीला पिवळट हिरवा सुचवला जातो, त्यामागे हे कारण आहे.

मास्किंगटेप :

आता कामाचं बोलू. आधी तुमच्या प्रश्नांची सरळ उत्तरं : राखाडीवर थेट नाही, क्लिअर कोट लागतोच, आणि रडर-एलेरॉनवर शक्यतो नको.

राखाडीवर का नाही? फ्लुरोसंट थर अर्धपारदर्शक असतो. त्याच्यातून खाली गेलेला उजेड पांढऱ्यावरून परतला तर वाटेत पुन्हा रंजकाला चेतवतो, राखाडीने गिळला तर गेला. राखाडीवर मारलेला फ्लुरोसंट विटकरीसारखा दिसतो आणि त्यावर कितीही थर चढवले तरी सुधारत नाही. जुना फिका पडलेला फ्लुरोसंट खाली असेल तर तोही पूर्ण काढा.

क्रम असा. सगळा माल एकाच कंपनीच्या एकाच प्रणालीतला घ्या आणि खाली दिलेल्या जाडीपेक्षा त्या कंपनीच्या माहितीपत्रकातली जाडी आणि वेळ प्रमाण माना.

सुरुवातीला झाकाझाक. पिटो (वेग मोजणारी नळी), स्टॅटिक पोर्ट (हवेचा दाब घेणारं छिद्र), स्टॉल वॉर्निंगची पट्टी, ड्रेन होल (पाणी निघून जाण्याचं छिद्र), बिजागऱ्या, बेअरिंग, अँटेना, काचा, सूचनांच्या पट्ट्या. स्टॅटिक पोर्टभोवतीचा पृष्ठभाग तर रंगाच्या कडेपासूनही लांब ठेवा. तिथे थराची पायरी आली तर उंची आणि वेग चुकीचे दाखवले जाऊ शकतात. झाकायला भडक रंगाची टेप वापरा आणि लावलेल्या प्रत्येक तुकड्याची यादी ठेवा, काम संपल्यावर तीच यादी वाचत काढा.

राखाडी घट्ट बसलेला असेल तर तो पूर्ण काढायची गरज नाही. ३२० आणि मग ४०० नंबरच्या कागदाने चकाकी मारा, रिव्हेटच्या डोक्यांवर हात हलका ठेवा, धातू उघडा पाडू नका. पडलाच तर तिथे कन्व्हर्जन कोटिंग (धातूवरचा रासायनिक संरक्षक थर) आणि इपॉक्सी प्रायमर १५ ते २५ मायक्रॉन. पुसताना एका फडक्याने ओलं, दुसऱ्याने लगेच कोरडं. सॉल्व्हंट तसाच वाळू दिला तर तेल पुन्हा तिथेच बसतं. मग पाणी मारून बघा. पाण्याचा पापुद्रा सलग राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब झाले तर परत धुवा.

पांढरा पॉलियुरेथेन ४० ते ५० मायक्रॉन. नुसता पांढरा प्रायमर बऱ्याचदा पुरेसा झाकत नाही, खालचा राखाडी डोकावतो. पांढऱ्याची सीमा फ्लुरोसंटच्या सीमेवरच नेमकी ठेवा, नाहीतर भोवती पांढरी किनार दिसते.

त्यावर फ्लुरोसंट, तीन-चार पातळ हातांत, एकूण वाळलेली जाडी ५० ते ७५ मायक्रॉन. गनच्या भांड्यातला रंग सारखा ढवळत राहा, कण खाली बसतात आणि पहिला हात फिका, शेवटचा गडद असं होतं. सगळे पट्टे एकाच बॅचमधून, एकाच दिवशी, सारख्याच हातांत संपवा. साध्या रंगात थराची जाडी थोडी कमीजास्त झाली तरी खपते, इथे प्रत्येक अतिरिक्त हात छटा बदलतो आणि पट्ट्याच्या आडव्या-उभ्या रेघा उन्हात उघड दिसतात.

थिनर कंपनीने सांगितलेलाच. तीव्र सॉल्व्हंटने रेझिनचे कण सैल पडतात, रंजक सुटतो आणि वरच्या क्लिअर कोटमध्ये किंवा शेजारच्या पांढऱ्यात गुलाबी डाग उतरतो. हा डाग पुसून जात नाही. पांढरा परत मारला तरी तो वर येऊ शकतो, तेव्हा तेवढा भाग खरवडूनच काढावा लागतो.

शेवटी अतिनील शोषक असलेला क्लिअर कोट, २५ ते ४० मायक्रॉन, पुन्हा थर देण्याच्या मुदतीच्या आत. मुदत टळली तर घासावं लागतं, आणि फ्लुरोसंट थर घासला की कण फुटून छटा बिघडते. साधा क्लिअर कोट पुरेसा नाही. शोषक नसेल तर तो फक्त चकाकी देतो, आयुष्य फारसं वाढवत नाही. शोषक असला तरी रंग कायमचा टिकत नाही, फक्त वेळ वाढते. शोषक अतिनील अडवतो तेव्हा चमकही किंचित कमी होते, ही किंमत मोजावी लागते.

फिकेपणा पंखाच्या आणि नाकाच्या वरच्या बाजूने सुरू होतो. उभ्या शेपटीवर तोच रंग बराच जास्त टिकतो. केशरी-लाल बहुधा दोन रंजकांचं मिश्रण असतं आणि दोन्ही सारख्या वेगाने जात नाहीत, म्हणून रंग नुसता फिका न होता छटाही सरकते. मधेच डाग भरायला जाऊ नका, नवा तुकडा ठिगळासारखा दिसतो. पूर्ण पट्टाच परत करा. त्यासाठी पट्ट्यांच्या कडा पत्र्याच्या जोडावर किंवा पॅनेलच्या रेषेवर आणून ठेवल्या तर पुढचं काम निम्मं होतं.

धावपट्टी०९ :

रडर-एलेरॉनबद्दल थोडं सविस्तर लिहा ना, लोक तिथेच चुकतात.

मास्किंगटेप :

लिहितो. १०० मायक्रॉन वाळलेला थर, घनता १.४ धरली, तर चौरस मीटरला १४० ग्रॅम. पांढरा, फ्लुरोसंट आणि क्लिअर मिळून दीडशे मायक्रॉन सहज होतात, म्हणजे चौरस मीटरला २१० ग्रॅम. पंखावर याने काही बिघडत नाही. पण रडर, एलेरॉन, एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता भाग) बिजागरीभोवती तोललेले असतात आणि रंगाचं बहुतेक क्षेत्रफळ बिजागरीच्या मागे असतं. मागची बाजू जड झाली की फ्लटर (हवेच्या जोराने वाढत जाणारी फडफड) सुरू होण्याचा वेग खाली येतो, आणि फ्लटर काही सेकंदांत शेपूट तोडू शकतो. म्हणून नियंत्रण पृष्ठभागावर रंग बदलला तर तो काढून, देखभाल पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने तोल मोजायचा, मर्यादेत आणायचा आणि नोंद करायची. वजन मर्यादेबाहेर गेलं तर पुढे शिसं वाढवत बसण्यापेक्षा जुने थर काढा. टॅब (मागच्या कडेची छोटी हलती पट्टी) विसरू नका, तो लहान असला तरी बिजागरीपासून सर्वांत लांब असतो. ड्रेन होल रंगाने बुजलं तर आत साचलेलं पाणी तोच उद्योग करतं, आणि ते जमिनीवर मोजताना कळतही नाही.

म्हणून माझं मत : पट्टे स्थिर भागावर द्या. उभी शेपटी रंगवा, रडर मूळ रंगात ठेवा. पंखाचं टोक एलेरॉनच्या बाहेरून.

पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांनाही हेच लागू. टोकाला १० सेंटिमीटरची पिवळी खूण आणि वैमानिकाकडच्या बाजूला मंद काळा, ही जुनी रीत आहे. काळा कशाला, तर पात्यावरून परावर्तित होणारं ऊन डोळ्यांत येऊ नये. पण सगळ्या पात्यांना रंग सारखाच पडला पाहिजे. एका पात्यावर केंद्रापासून ०.९ मीटरवर २ ग्रॅम जास्त गेले तर मिनिटाला २,४०० फेऱ्यांना ते ११ ते १२ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतात. डबा उघडण्याआधी वजनकाटा काढा. रंगवल्यावर पंख्याचा तोल तपासणं टाळू नका.

लांबपंखी :

ग्लायडरवाल्यांसाठी भर घालतो, कारण हा धागा वाचून कुणीतरी फायबरच्या पंखावर केशरी मारेल. मारू नका. काच आणि कार्बन फायबरच्या ग्लायडरचं इपॉक्सी उष्णतेने मऊ होतं. त्यांची ताकद बहुधा ५४ अंश सेल्सियस तापमान धरून सिद्ध केलेली असते, आणि कडक उन्हात ती मर्यादा फक्त पांढरा पृष्ठभागच पाळतो. म्हणून हँडबुकमध्ये रंगीत खुणा कुठे चालतात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. सहसा नाक, पंखांची टोकं आणि रडर, एवढंच. तिथेही रंगापेक्षा फ्लुरोसंट चिकटपट्टी बरी. फिकी पडली की हेअर ड्रायरने कोमट करून सोलता येते. पट्टीची पुढची कड वाऱ्याला उघडी ठेवू नका, पंखाच्या पुढच्या भागावर तर लावूच नका. तिथली जराशी पायरीही हवेचा सुरळीत प्रवाह मोडते. रडरवर लावली तर मास्किंगटेप यांनी सांगितलेला तोल इथेही मोजायचा.

निळेआकाश :

फार मोलाची माहिती. रडर सोडतो, शेपटी आणि पंखांची टोकं करतो. एक शेवटचं : मनोरे आणि चिमण्यांवरचा नारंगी-पांढरा, तो याच घराण्यातला का? आणि गोल्डन गेट पुलाचा 'इंटरनॅशनल ऑरेंज' तोच का?

काळापांढरा :

घराणं तेच, नियम जास्त काटेकोर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ प्रमाणे उंच, अरुंद बांधकामाला आडवे पट्टे. पट्ट्याची रुंदी उंचीच्या एक सप्तमांश किंवा ३० मीटर, यांत जे कमी ते. २१० मीटरच्या वर भाग वाढतात, २७०पर्यंत एक नवमांश, ३३०पर्यंत एक एकादशांश. १५० मीटरच्या चिमणीला सुमारे २१.४ मीटरचे सात पट्टे. संख्या नेहमी विषम असते, कारण दोन्ही टोकांना गडद रंग यायला हवा. वरचं टोक पांढरं राहिलं तर उजळ आभाळात चिमणी प्रत्यक्षापेक्षा बुटकी दिसते. दोन्ही दिशांनी ४.५ मीटर किंवा त्याहून मोठ्या सलग भिंतींना दीड ते तीन मीटरचे चौकोन, कोपरे गडद. तारांवरचे गोळे किमान ६० सेंटिमीटर व्यासाचे, त्या आकाराला ३० मीटरवर एक.

इथे नारंगी-पांढरी जोडी का टिकली ते आता कळेल. आभाळासमोर नारंगी गडद पडतो, जमिनीसमोर पांढरा उठतो, पार्श्वभूमी कुठलीही असो, जोडीतला एक तरी दिसतो. विमान जागा बदलत राहतं, मनोरा बदलत नाही, म्हणून मनोऱ्यावर ही युक्ती जास्त चांगली चालते.

अमेरिकेत विमानसुरक्षेच्या नारंगीला संघीय रंगसंहितेत १२१९७ हा क्रमांक आहे. गोल्डन गेटची छटा त्याहून गडद आणि लालसर, फक्त नाव सारखं. तिथे नौदलाला काळे-पिवळे पट्टे हवे होते आणि लष्करी हवाई दलाला लाल-पांढरे. वास्तुविशारद आयर्विंग मॉरो यांना पोलादावरच्या लालसर प्रायमरची छटा भावली आणि त्यातून आजचा रंग ठरला.

प्रतिदीप्ती :

निळेआकाश, काम झाल्यावर एक करा. त्याच दिवशी त्याच रंगाचा, त्याच थरांचा एक ॲल्युमिनियमचा तुकडा रंगवून काळ्या पिशवीत बंद ठेवा. दर तीन महिन्यांनी भर दुपारी तो पंखाच्या वरच्या बाजूशेजारी धरून बघा. डोळा हळूहळू होणाऱ्या फिकेपणाला सरावतो आणि रोज पाहणाऱ्याला पट्टा ठीकच वाटत राहतो. शेजारी नमुना धरला की फरक लगेच कळतो. आणि रात्रीसाठी या रंगावर विसंबून राहू नका. दिवे लावा, आणि जमिनीवर उभ्या विमानाला प्रकाश परत फेकणारी टेप लावा. ती पूर्णपणे वेगळी वस्तू आहे, दिवसा ती फ्लुरोसंटची जागा घेत नाही आणि रात्री फ्लुरोसंट तिची घेत नाही.